खोट गाडीत हवी

गुरुदत्तनं बॉनेटवर दोन्ही हात ठेवले, अंगाचा सगळा भार टाकून गाडीचं नाक खाली दाबलं आणि एकदम सोडून दिलं. गाडी वर आली आणि गप्प उभी राहिली.

"बघितलंस? हलतेय अजून," तो म्हणाला.

कृष्णात हसायला लागला. निपाणीहून या कानडी शहरात येऊन जयनगरात गॅरेज टाकलेला हा गडी गुरुदत्तला पुरता ओळखून होता. याच अण्णानं मागं त्याच्या हत्यारांच्या पेटीत रबरी पाल ठेवलेली. वीज कंपनीचा साहेब बनून फोन केला होता आणि ऐन उन्हाळ्यात त्याला दुपारभर पंखे बंद करून बसवलं होतं.

"आज कुणाची फिरकी, अण्णा?"

"फिरकी नाही रे. शॉकअप गेलेत."

"जे.सी. रोडवर शॉकअप विकून टक्कल पडलं तुम्हाला, आणि हे मला सांगताय?" कृष्णात वाकून चाकांमागे बघून आला. "तेल गळत नाही. टायर सारखे झिजलेत. ब्रेक मारल्यावर नाक खुपसती?"

"नाही."

"वळणावर अंग टाकती?"

"नाही. हंपवर दणका बसतो. तुझ्या अक्काच्या पाठीत कळ जाते."

"अक्का मागं बसतात?"

"पुढं. माझ्याशेजारी."

"मग तुम्हाला बसत नाही दणका?"

गुरुदत्त मागच्या कोपऱ्याकडे गेला. डिकी दाबून सोडली. गाडी एकदा उसळली आणि थांबली. पुन्हा दाबली. मग तो चक्क मागच्या बंपरवर चढून नाचायला लागला. समोरचा चहावाला टाळ्या पिटत बाहेर आला. साठीला टेकलेला माणूस गाडीवर नाचतोय म्हटल्यावर रस्त्यावरची दोन-चार माणसंही थांबली. एरवी गुरुदत्तनं त्यांना सलाम ठोकला असता. आज तो खाली उतरून धापा टाकत फक्त गाडीकडे बघत राहिला. एवढं करूनही ती जास्तीची एक उसळी मारायला तयार नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, अहल्याच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती. सगळे उपचार पार पडल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "आता मजेत राहा. फक्त पाठ दुखायला लागली आणि थांबली नाही, तर लगेच या."

मागच्या महिन्यात हेब्बाळला भाचीच्या बाळाच्या बारशाला जाताना फ्लायओव्हरच्या जोडावर गाडी आदळली. अहल्या कळवळून म्हणाली, "अहो, तुमच्या गाडीनं माझी हाडं खिळखिळी केली."

"शॉकअप गेलेत वाटतं. बदलून टाकतो."

"हो, शॉकअपच," ती लगेच म्हणाली. तेव्हापासून दोघांनीही तो शब्द घट्ट धरून ठेवला होता.

गुरुदत्तनं डिकीतून शॉकअपचा नवाकोरा सेट काढून कृष्णातसमोर ठेवला. "हे घाल."

"चांगले काढून चांगले घालायचे? अण्णा, पुरे झाली की मस्करी."

"घाल म्हणतो ना."

कृष्णातनं मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग जॅक ओढला.

संध्याकाळी गुरुदत्तनं अहल्याला गाडीत बसवलं. "चल, नव्या शॉकअपवरनं तुला मिरवून आणतो. येताना डोसा."

पहिला हंप आला. त्याची नजर रस्त्यावर कमी आणि तिच्या हातावर जास्त. खिडकीवरचं हँडल तिनं असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली.

"काय म्हणते गाडी?"

"लोण्यावरनं गेल्यासारखं वाटलं. कळलंसुद्धा नाही."

"खोटं."

"तुमची शप्पथ," ती हसत म्हणाली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

त्यानं डोशाच्या हॉटेलसमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं. पायाशी ठेवलेली पिशवी उचलायला अहल्या पुढं वाकली आणि वाकल्या जागी अडकली. ना पुढं, ना मागं. तोंडातून आवाज नाही, नुसता श्वास.

गुरुदत्तनं तिला खांद्याला धरून हळूहळू सरळ केलं.

"अहल्या, गाडी उभी आहे."

"माहितीय मला."

आत वेटर ऑर्डर ओरडत होता. दोघं समोरच्या काचेतून बघत बसले.

"कधीपासून गं?"

"बारशाच्या आधीपासून. रात्री कुशीवर वळता येत नाही. तुम्ही शॉकअप म्हणालात आणि मला एवढं बरं वाटलं. म्हटलं, असेलही."

"मला ठाऊक होतं शॉकअप चांगले आहेत."

"मलाही ठाऊक होतं तुम्हाला ठाऊक आहे ते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आयुष्यभर गावाला टोप्या घालत आलात. म्हटलं, एक आपण दोघं मिळून घालून घेऊ."

त्याला हसायचं होतं. जमलं नाही. त्यानं गाडी चालू केली आणि घराऐवजी हॉस्पिटलच्या रस्त्याला वळवली. तिनं पिशवी तेवढी मांडीवर घट्ट धरली.

हॉस्पिटलच्या गल्लीत तोंडालाच हंप होता. गुरुदत्तनं गाडी जवळजवळ थांबवली. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्नवर बोट दाबून धरलं, कन्नडात त्याच्या सात पिढ्या काढल्या.

"स्वल्प सावकाश हं," अहल्या म्हणाली.

"सरी, हळूच घेतो."

पुढची चाकं चढली, उतरली. मागची अजून यायची होती.