तिसऱ्या टायरपाशी

"चढ चढ, लाजतेस काय! काटा कुणाला सांगत नाही," वर्लिन म्हणाला.

"काटा नाही रे सांगत, तू सांगतोस. गेल्या वर्षी चर्चच्या जेवणात गावभर करून आलास, माझी बायको म्हणजे पाच तंबूंचं वजन म्हणून," आर्डिस म्हणाली आणि काट्याच्या फळीवर चढली.

धान्य तोलायचा तो जुना काटा. गावातलं कोठार बंद पडलं तेव्हा वर्लिनने उचलून आपल्या हँगरमध्ये आणून ठेवला होता. दर जुलैत ऑशकॉशला, विमानांच्या जत्रेला, निघायच्या आधी त्यावर सगळं चढायचं: तंबू, झोपायच्या पिशव्या, स्टोव्ह, तवा, आणि सगळ्यात शेवटी बायको. त्याचं विमान जुनं, कापडाने मढवलेलं, पिवळंधम्मक. दोनच माणसं बसतात, तीही एकामागे एक. एवढ्याशा विमानात तोलून-मापूनच सामान न्यावं लागतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वर्लिन अतीच करायचा. जन्मभर टायरचं दुकान चालवलं त्याने, चाकांना शिशाचे तुकडे लावून तोल साधण्यात केस पांढरे झाले. त्याचा डोळ्यांवर विश्वास नव्हता, काट्यावर होता. भाजी अळणी आहे का हेसुद्धा त्याने काट्याला विचारलं असतं.

"बघ नेल्डा, बघ!" तो मला म्हणाला. "गेल्या वर्षीइतकीच. एक पौंड इकडे नाही की तिकडे नाही. आणि तू म्हणत होतीस, वाळलीय म्हणून."

मी म्हटलं होतं खरं. या धावपट्टीवर मी पेट्रोल भरते, कॉफी करते, गवत कापते आणि कुणी न विचारता सल्ले देते. माझा नवरा फवारणीचं विमान चालवायचा, तो गेला तसं हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. माणूस वजनाने खाली-वर झालेला मला लांबून कळतो. आर्डिसच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं आणि गालांची हाडं वर आली होती. आणि काटा म्हणत होता, तेवढीच. मासे पकडताना घालतात तसलं अनेक खिशांचं जाकीट तिने त्या उकाड्यात गळ्यापर्यंत बंद केलं होतं, आणि ओठ घट्ट मिटले होते.

"तुझ्या ऑफिसातली बाथरूम उघडी आहे ना गं?" तिने विचारलं. ती खाली उतरली ती दाराला धरून.

माझ्या बाथरूमच्या दाराला कडी लागत नाही, हे सगळ्या आयोवाला ठाऊक आहे. आत धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून मी दार ढकललं. आर्डिस कमोडच्या झाकणावर बसली होती, धापा टाकत. पायाशी जाड कापडाचा शिवलेला एक पट्टा पडला होता, कप्प्याकप्प्यांचा. मी उचलायला गेले तर हातच खाली गेला. कप्प्यांत शिसं. ट्रकच्या चाकांना लावतात ते तुकडे, वर्लिनच्याच गॅरेजमधले. सदरा वर झाला होता आणि कमरेच्या हाडांवर दोन्हीकडे काळेनिळे वळ उठले होते.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"शिसं आजच. दुसरं म्हणशील तर ईस्टरपासून." ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "स्वादुपिंडात आहे. कापून उपयोग नाही म्हणे. बर्फ पडायच्या आत, म्हणाला डॉक्टर."

मी आपली तिथेच जमिनीवर बसले.

"वर्लिनला सांग," शेवटी म्हटलं.

"सांगितलं की पहिलं काम काय करेल? विमानाला कुलूप. मग मला खाटेवर टाकेल आणि उशाशी बसून माझ्याकडे बघत राहील. मरेपर्यंत. चांगला माणूस आहे गं तो, पण त्याचं ते बघणं मला नाही सोसायचं." तिने सदरा खाली ओढला. "चाळीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांच्या पोरांना वाढलं. घरी आले की त्याला वाढलं. वर्षातला तेवढाच एक आठवडा असतो, तो मला विमानाच्या पंखाखाली आयता नाश्ता देतो. करपलेला असतो, पण देतो. एवढं एकदा होऊ दे. परत आले की मीच सांगीन."

"आणि त्याला डोळे नाहीत का?"

"आहेत ना. म्हणून तर काट्याला पटवलं."

मी गप्प राहायचं कबूल केलं. पटलं म्हणून नव्हे, तर कमरेवरचे ते वळ बघवेनात म्हणून. वजन वाढलं असतं आणि तिने ते लपवलं असतं तर मी तंगडी धरून तिला विमानातून खाली ओढलं असतं. पण हलक्या माणसाने काही विमान पडत नाही.

"तो पट्टा विमानात घालणार आहेस का?" मी विचारलं.

"छे! त्यात श्वास घेववत नाही. तुझ्याकडेच ठेव."

पट्टा मी चिंध्यांच्या डब्याखाली सारला.

थोड्या वेळाने माझ्याच टेबलावर नकाशा पसरून दोघं बसली. वर्लिनने पेन्सिलीने रेघ ओढली होती. मधे एका ठिकाणी पेट्रोल, मग मिसिसिपी, मग विस्कॉन्सिन. मी रुबार्बच्या आंबटगोड वड्या ठेवल्या. आर्डिसने एक तोंडाजवळ नेली आणि हळूच रुमालात गुंडाळली. तिच्या गुडघ्यावर पुठ्ठा होता, विमानाच्या काचेला लावायचा. कुठल्या मैदानात तंबू ठोकायचा ते खालच्या माणसांना दिसावं म्हणून तो लावतात. दरवर्षी त्यावर अक्षरं आर्डिसच काढायची, जाड आणि ठसठशीत.

"आता शेवटचा भाग नीट ऐक," वर्लिन म्हणाला.

"वीस वर्षं ऐकतेय."

"विसरतेस म्हणून सांगतो. रेल्वेच्या रुळांवरून रांगेत जायचं. पुढे-मागे पन्नास विमानं, सगळी बोलायला लागली तर गोंधळ. म्हणून कुणी रेडिओवर तोंड उघडायचं नाही. खालचा माणूस रंग बघून हाक मारतो, 'पिवळं विमान, पंख हलवा!' आपण नुसते पंख हलवायचे. म्हणजे त्याला कळतं, ऐकलं." त्याने दोन्ही कोपरं वर-खाली केली. कोंबडा दिसत होता नुसता. "या खेपेला तू हलव. मागेही विमान वळवायचा दांडा आहे, पुढच्याला जोडलेलाच. चल, धर एकदा."

"मी नाही बाई हात लावायची. मी प्रवासी. मी खिडकीतून बघणार."

"न बोलता जायचं, एवढं तरी जमेल का तुला?" तो हसून म्हणाला.

"ते मला छान जमतं," आर्डिस म्हणाली. मी उठून कॉफीचं भांडं विसळायला गेले. तसं ते विसळलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याचा मागमूस नव्हता, मक्याचं पान हलत नव्हतं. आर्डिस मागे बसली, सीटचा पट्टा आवळला, पुठ्ठा मांडीवर घेतला. त्या विमानाला इंजिन चालू करायचं बटण नाही, पुढचं पातं हाताने फिरवावं लागतं. ते मी फिरवून दिलं आणि बाजूला झाले. निघताना तिने काचेतून माझ्याकडे बघून हनुवटी वर केली, बस्स.

आमची धावपट्टी म्हणजे गवताचा पट्टा. कडेला ठरावीक अंतरावर जुने टायर अर्धे पुरून पांढरे रंगवलेत, वर्लिननेच दिलेले. या विमानाचं शेपटाचं चाक जमिनीवर असतं. वेग आला की आधी शेपूट उचलतं, मग सगळं विमान. मागे वजन जितकं कमी तितकं शेपूट लवकर. आर्डिस मागे असली की शेपूट तिसऱ्या टायरपाशी उचलायचं. मी वीस वर्षं बघतेय. वारा नसेल त्या दिवशी तर बरोब्बर तिसऱ्या टायरपाशी.

त्या दिवशी दुसरा टायर यायच्या आतच शेपूट वर आलं.

मला दिसलं ते त्याच्या हाताला कळलं नसेल? विमान भराभर चढलं, चांगल्या अंगाने चढलं. शेतांच्या पलीकडे त्याने ईशान्येला वळायचं होतं. तसं न करता ते डावीकडे वळलं, पुन्हा डावीकडे वळलं, आणि पट्टीला समांतर उलटं येऊ लागलं. म्हणजे उतरायला येत होतं.

"वर्लिन, काय झालं?" मी हातातल्या रेडिओवर विचारलं.

काय झालं ते मला ठाऊक होतं. आता हा उतरणार, तिला हाताला धरून खाली घेणार, हँगरचं दार ओढणार आणि ती खाटेला खिळणार. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. मेल्या, एवढं कळायला तुला विमानच लागलं का? इंजिनाचा आवाज कमी झाला, विमान खाली येऊ लागलं. मी बटण दाबलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"पिवळं विमान, तुम्ही रुळांवर आहात. बोलू नका. पंख हलवा."

विमान आणखी खाली आलं, मक्याच्या वर आलं. मी रेडिओ खाली केला.

तेवढ्यात पंख हलले. वर्लिन हलवतो तसे नीटस नव्हेत. एक पंख एकदम खाली गेला, मग दुसरा त्याहून खाली, पहिल्यांदा सायकलवर बसलेल्या पोराने हँडल वळवावं तसे. आवाज वाढला. विमान माझ्या डोक्यावरून वेडंवाकडं गेलं आणि ईशान्येकडे वळलं. मी ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले आणि आत जाऊन पोटभर रडून घेतलं.

वर्लिनने हे सगळं मला त्या हिवाळ्यात सांगितलं. शेपूट उचललं तसा तो मान न वळवता ओरडला होता, "किती?" त्या विमानात पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही. मागून आवाज आला, "तीस पौंड. आधी पुढे बघ!" मग त्याने विमान वळवलं. तिने नुसता त्याच्या मानेवर हात ठेवला. तेवढ्यात माझी हाक आली, आणि त्याच्या मुठीतला दांडा आपोआप हलला.

"मी नाही पंख हलवले, नेल्डा. तिने हलवले," तो म्हणाला. "मग मी हात काढून घेतला. नदीपर्यंत तिनेच नेलं. असलं वाकडं, की शेतातली गुरं पळाली असतील. पण नेलं."

"आणि तिथे?"

"तिथे रोज नाश्ता केला. तिला एक घास जाईना. शेजारच्या तंबूतल्यांना वाटायची, 'माझ्या नवऱ्याने केलाय' म्हणून. मी तिच्याकडे बघायला लागलो की हनुवटीला धरून माझं तोंड आभाळाकडे वळवायची. म्हणायची, विमानं बघायला आलायस ना, विमानं बघ." त्याने कॉफीचा कप बाजूला सारला. "मला दिसत होतं गं. उन्हाळाभर दिसत होतं. पण काटा म्हणाला तेवढीच, आणि मला तेच ऐकायचं होतं. डोळ्यांना गप्प बसवलं मी."

बर्फ पडायच्या आत, असं डॉक्टर म्हणाला होता. मक्याची कापणी चालू असतानाच ती गेली. चर्चच्या तळघरात आम्ही बायकांनी हॅमचे सँडविच वाढले. आर्डिस असती तर पाव कोरडा आहे म्हणाली असती, आणि खरंच कोरडा होता.

वर्लिनने विमान त्यानंतर बाहेर काढलं नाही. विकेल असं सगळे म्हणायचे. जुलै आला तशी हँगरमध्ये खडबड ऐकू आली म्हणून मी गेले. काट्यावर तंबू होता.

"एकटाच निघालास?" मी म्हटलं. "येऊ का सोबत?"

"तू नको. तू फार बोलतेस."

तंबू उतरवला, एकच झोपायची पिशवी ठेवली, तवा ठेवला. मग तो स्वतः फळीवर चढला आणि काट्याकडे न बघताच उतरला. काचेला पुठ्ठा गेल्या वर्षीचाच होता, आर्डिसच्या अक्षरातला. उन्हाने शाई विटली होती.

मागची सीट रिकामी असली की तिचा पट्टा बांधून ठेवावा लागतो. लोंबता राहिला आणि मागच्या दांड्यात अडकला तर पुढच्याच्या जिवावर बेतायचं. वर्लिन आत वाकला. त्या सीटला वर्षभर कुणी हात लावला नव्हता. पट्टा आर्डिसने शेवटचा आवळला होता तेवढाच होता. त्याने तो सीटवरून घेतला, बक्कल लावलं, ओढून बघितलं. रिकाम्या सीटवरही तो आणखी आवळावा लागला नाही.

मग तो बाहेर आला, चष्मा पुसला आणि मला म्हणाला, "पातं फिरव."

मी फिरवलं आणि बाजूला झाले. रेडिओ हातात होता. पानसुद्धा हलत नव्हतं. वर्लिनने वेग घेतला, आणि पहिल्याच टायरपाशी शेपूट वर आलं. मी रेडिओ बंद केला आणि गवत कापायला गेले.