खंडेनवमीचं बोट

सणाच्या दिवशीच सर्व्हर रुसावा, हे ज्ञानदाच्याच नशिबी! वैरागला जायच्या एसटीत पाय ठेवला आणि ती जिथले संगणक सांभाळायची, त्या सात रस्ता चौकातल्या लॅबमधून फोन आला. रक्त तपासायची मशीनं चालू होती, पण एकही रिपोर्ट संगणकावर येत नव्हता. तिकडं आजीजवळ राहणारी तिची लेक शिवानी महिनाभर घोकत होती, "दसऱ्याला तू येणार म्हणजे येणार." ज्ञानदा एसटीतून उतरली. दुसरं करणार काय, डोंबल?

लॅबमध्ये तिनं केबल बदलली, सगळं बंद करून परत चालू केलं. ढिम्म! "सर्व्हरला कुणी हात लावला होता का?" तिनं विचारलं. शिपाई धनाजीमामांनी मान खाली घातली. "न्हाय की."

जेवायची वेळ टळून दिवस मावळायला आला, तेव्हा कुठं तिचं लक्ष पडद्यावरच्या नावाकडं गेलं. सेटिंगमध्ये, मशीनांचे रिपोर्ट सर्व्हरला पोचवणाऱ्या नेटवर्क कार्डाचं नाव होतं enp3s0, आणि सर्व्हर आज त्याला enp4s0 म्हणत होता. कार्ड ज्या खाचेत बसतं, तिच्यावरून लिनक्स, म्हणजे सर्व्हरची प्रणाली, त्याचं नाव ठेवते. खाच बदलली, नाव बदललं. जुन्या नावानं हाका मारून ओ कोण देणार? पण कार्ड काय आपल्या पायानं चालत गेलं? तिनं झाकण उघडलं. आत धुळीचा कण नाही. कार्ड भलत्याच खाचेत, आणि त्याच्या पत्र्यावर हळदीकुंकवाचं बोट.

"मामा!"

"काल खंडेनवमी हुती, मॅडम. पूजेला समदं पुसून घेतलं. कार्ड कुटं हुतं, ते ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

"मग सकाळी सांगायला काय झालं होतं? अख्खा दिवस गेला माझा!" ती ओरडलीच.

"भ्या वाटलं." मामा पुटपुटले. "गेल्या दिवाळीला धुळीनं बंद पडलं, तवा पोरीला सोडून यावं लागलं तुमाला. म्हटलं, औंदा साफ करून ठिवावं, म्हंजी तुमाला फोन जायचा न्हाय."

कप्पाळ! तिनं सेटिंग बदललं. आता नावाऐवजी कार्डाच्या कायमच्या नंबरावरून ओळख. मामांनी ते खुशाल कुठल्याही खाचेत बसवावं. रिपोर्ट येऊ लागले.

तिनं वैरागला फोन लावला. "आमचं सोनं वाटून झालं," शिवानी म्हणाली. "तुझं होतं ते आजीला देऊन टाकलं." आणि फोन ठेवला.

मामा आपट्याची दोन पानं पुढं करून उभे होते. ज्ञानदानं ती घेतली आणि रिवाजाप्रमाणं त्यांच्या पाया पडायला वाकली. दिवसभराचं रडू तिनं वाकल्या वाकल्याच उरकून घेतलं.