अठ्ठावन्नला काय घाबरायचं

"बघ बरं, दोन तारे आलेत," असं म्हणत वूकाशिनने रिपोर्ट झागोर्काच्या मांडीवर ठेवला आणि आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी बाकावर. तारा म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेल्याची खूण. गल्लीतली माणसं स्वतः तेवढेच वाचायची आणि उरलेलं झागोर्काकडून वाचून घ्यायची. डॉक्टरला वेळ नसायचा, झागोर्काच्या फाटकासमोर बाक असायचा.

सर्बियातल्या या गावच्या सरकारी दवाखान्यात, रक्त तपासण्यात तिची चौतीस वर्षं गेली होती. ईएसआरसाठी बारीक नळीत रक्त उभं ठेवायचं आणि तासाभरात लाल भाग किती खाली बसला ते मोजायचं. भराभर बसला तर अंगात कुठेतरी सूज असू शकते. कुठे, ते नळी सांगत नाही. सीआरपी ही सुजेची दुसरी तपासणी, तीही सांगत नाही. नव्या मुलींना ती हे घोकून घ्यायला लावायची आणि बाकावर बसली की स्वतःच विसरायची. सर्दी असेल, गुडघे असतील, वय झालं, चालायचंच. लोक निर्धास्त होऊन घरी जायचे आणि खोटं कशाला बोला, तिलाही मोठं झाल्यासारखं वाटायचं.

"मी आता बघत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जा."

"गेलो होतो. त्याने कागद बघितला, मला नाही बघितलं."

"मग परत जा."

"तीस वर्षं तुला माझ्या बसने कामावर सोडलं, झागा. एक कागद वाचायला एवढे आढेवेढे?"

वूकाशिन हिवाळ्यापासून मुलीकडे होता, परवाच परतला होता. त्याच्या कानावर काही आलं नसावं. बाकी गल्लीला ठाऊक होतं, म्हणून हल्ली या बाकाकडे कोणी फिरकत नव्हतं.

फेब्रुवारीत तिच्या थोरल्या बहिणीचं, मिलुंकाचं, कानशील दुखायला लागलं. दोघी विधवा, एकाच घरात राहणाऱ्या. कंगवा लागतो म्हणून ताईने विंचरणं सोडलं, डोक्याचा रुमालही ढिला बांधायला लागली. पावाची कडक कड चावताना जबडा भरून यायचा, तेव्हा दातवाल्याने दाढ काढली. मग रक्ताचा रिपोर्ट आला. ईएसआर अठ्ठावन्न, सीआरपी एकतीस, दोन्हींपुढे तारे. झागोर्का भांडी घासत होती. तिने हातही पुसले नाहीत. "दाढेमुळे असेल गं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अठ्ठावन्नला काय घाबरायचं?" आणि ताई घाबरली नाही. पाठची बहीण सांगते म्हटल्यावर ती कशाला डॉक्टरकडे जाते?

तीन आठवड्यांनी सकाळी ताईने विचारलं, "डावीकडचा पडदा कोणी ओढलाय का?" पडदा उघडाच होता.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी कानशिलावरची रक्तवाहिनी बोटांनी चाचपली आणि विंचरताना दुखायचं का, जेवताना जबडा दुखायचा का, ते विचारलं. त्या रक्तवाहिनीलाच सूज होती, आणि तीच सूज डोळ्याच्या रक्तपुरवठ्यापर्यंत पोचली होती. गोळ्यांनी उजवा डोळा वाचला, डावा गेला. कंगवा, पाव, रुमाल, सगळं झागोर्काने रोज पाहिलं होतं. विचारलं मात्र एकदाही नव्हतं. त्यावरून ताई तिला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच तिला सोसत नव्हतं. या चार महिन्यांत झागोर्का नुसती थकून गेली होती.

ताई कॉफीचं भांडं आणि कप घेऊन बाहेर आली. दाराआडून तिने सगळं ऐकलं असणार.

"बघ की त्याचं. केव्हाचा बसलाय बिचारा."

"ताई, मी बघितलं की काय होतं, ते तुला..."

"मला काय झालं ते मला माहीत आहे. त्याला काय होतंय ते त्याला विचार."

झागोर्काने कागद न वाचताच घडी घातली आणि बरणीखाली ठेवला. मग वूकाशिनकडे वळून बसली.

"सांग. दुखतं कुठे?"

वूकाशिन गोंधळला. मग हळूहळू सांगायला लागला. पाठीत दुखतं, खालच्या अंगाला. पहाटे जास्त. पँट ढिली झालीय, पट्ट्याला दोन भोकं नवी पाडली. त्याचं संपल्यावर झागोर्का एवढंच म्हणाली की सोमवारी ती त्याच्याबरोबर डॉक्टरकडे येईल आणि हे सगळं डॉक्टरला ऐकायला लावील.

ताई कॉफी ओतत होती. धार कपाच्या शेजारी, बशीत पडत होती. झागोर्काने कप धारेखाली सरकवला.