होडी झालेली फळी

भिंगरीचा पाय एरवी घरात ठरत नसे, पण आज ती ओट्याभोवतीच घिरट्या घालत होती. आईची भाजी कापायची लाकडी फळी सकाळी तिने हौसेने धुतली आणि लवकर वाळावी म्हणून गच्चीत उन्हात आडवी टाकली. वरची बाजू वाळून आक्रसली, खालची ओलीच राहिली. सपाट फळीची होडी झाली. आई स्वयंपाकीण, उद्या नव्या खानावळीत तिचा पहिला दिवस, आणि ती हीच फळी सोबत नेणार होती.

"मामा, वर उभी राहू? दाबून सरळ होईल."

"सरळ कसली, दोन होतील. एक आईला, एक तुला," सुतार मामा म्हणाला. त्याने ओलं फडकं पसरलं, फळीची खोलगट बाजू त्यावर पालथी घातली आणि वर जड डबे ठेवले. "आक्रसलेली बाजू हळूहळू ओल धरेल, फुगेल. मग सावलीत उभी करून वाळवू, दोन्ही अंगांना तेल लावू. तोवर हात लावायचा नाही."

"तोवर म्हणजे?"

"उद्या संध्याकाळी बघू."

मामा वळला की भिंगरी डबे उतरवून फळी उचलायची. वाकलेलीच. पुन्हा उचलायची.

"अगं, अंडं उबवायचंय, ऑम्लेट नाही करायचं!" मामा ओरडला.

तेवढ्यात दार वाजलं. आई आत येऊन थेट पिशवी भरायला लागली. सुऱ्या, ॲप्रन... "भिंगरे, फळी कुठंय?"

मामा छताकडे बघू लागला. भिंगरी डब्यांसमोर जाऊन उभी राहिली. गप्प राहावं, तर फळी तशीच पिशवीत जाईल आणि वाकडीच वाळेल.

"आई, उद्या नको नेऊस. मी उन्हात टाकली. वाकली. मामा डब्यांखाली सरळ करतोय, उद्या संध्याकाळपर्यंत उचलायची नाही."

आईचा हात पिशवीतच थांबला. "पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या फळीवर कापू मी?"

"हो," भिंगरी रडवेली झाली, पण डब्यांसमोरून हलली नाही.

 आईने सुऱ्या तेवढ्या नीट गुंडाळल्या. "बरं. पण आता उचलून बघितलंस तर याद राख."

जेवणं झाली. भिंगरी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. पाणी प्यायला म्हणून आई ओट्याशी गेली आणि हळूच वरच्या डब्याला हात घातला.

"आई! हात!"

आईने हात झटकन मागे घेतला.