चोविसावे पेव

"आजोबा, टाचंत काय मशीन बसवलीया काय?" जेसीबीच्या पायरीवर बसून तंबाखू मळता मळता सूरजने विचारले.

सिद्धूने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केले. मग अनवाणी पाय किंचित उचलून त्याने टाच भुईवर आपटली आणि मान कलती करून, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा असल्यासारखा, तो ऐकत राहिला. पौषातली सकाळ होती. कृष्णेवरून उठलेले धुके काठाच्या माळावर येऊन विसावले होते आणि पलीकडचा तीर कुणी ओल्या फडक्याने पुसून टाकावा तसा दिसेनासा झाला होता. भुईच्या पोटातून एक मंद, पोकळ नाद आला. तो एकट्या सिद्धूलाच ऐकू आला.

"हितं. टाक फक्की."

सूरजने चुन्याच्या फक्कीचे वर्तुळ आखले. "तेवीस झाली. पर ही असली टाच आमाला कवा मिळायची?"

"पन्नास वर्सं अनवानी चाल. टाचंला कान फुटत्यात."

"नगं बाबा. हायत त्या दोन कानांचाबी उपेग न्हाई, असं घरात रोज ऐकतोय."

नकाशा घेऊन मागे उभी असलेली उत्कर्षा हसली. नदीकाठाचे रूप पालटण्याचे जे काम चालले होते, त्यावर देखरेख करणारी ही तरुण अभियंता. या माळावर आता फरसबंद वाट होणार होती, बाके आणि झाडे येणार होती, संध्याकाळी सांगलीकर इथे मुलाबाळांसह फिरायला येणार होते. पण त्याआधी मातीखालची जुनी पेवे शोधून वाळूने भरणे आवश्यक होते, नाहीतर भुई केव्हा पायाखालून निघून जाईल याचा नेम नव्हता. कागदावर त्यांची नोंद उरली नव्हती. दोन महापुरांच्या गाळाखाली त्यांची तोंडे बुजली होती आणि जाणती माणसे एकेक करून काळाच्या उदरात गेली होती. उरला होता सत्तरीला टेकलेला हा एक सिद्धू.

थोडे पुढे एक जुना उंबर होता. त्याच्या अलीकडच्या तुकड्यावरून सिद्धू टाच न आपटता, मांजराच्या पावलांनी निघून गेला.

"आजोबा, इथं राहिलं की," उत्कर्षा म्हणाली.

"हितं काय न्हाई, ताई." सिद्धू नदीकडे पाहू लागला.

पेव म्हणजे हळदीचे भूगर्भातले कोठार. तोंड एक माणूस जेमतेम शिरेल एवढे अरुंद. आत मात्र रांजणासारखे विशाल पोट, तीन पुरुष खोल. या काठाच्या मातीचा गुणच असा की, उसाचे पाचट आणि चटया अंथरून तिच्या कुशीत ठेवलेली हळद वर्षानुवर्षे अविकृत राही, उलट तिचा रंग अधिक खुले. त्या काळी या माळाला दोन नगरे होती. वरच्या नगरात गवत, बैलगाड्या, आडत्यांचे रुमाल आणि हमालांच्या हाका. खालच्या नगरात अंधार आणि सुवर्ण. बहात्तरच्या दुष्काळात घरची मेंढरे गमावून जतकडून चालत आलेला सतरा वर्षांचा सिद्धू या दोन नगरांमधली ये-जा शिकला. पेवाचे तोंड उकरावे, दिवस चढेपर्यंत ते उघडे ठेवावे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडावा. ज्योत तेवत राहिली तरच माणसाने उतरावे. ज्योत विझली तर आतली हवा मेलेली आहे असे समजावे आणि थांबावे. या विद्येला ग्रंथ नव्हता. वडीलधाऱ्याचा शब्द हाच तिचा ग्रंथ.

पुढे शीतगृहे आली, मार्केट यार्डात गोदामे उठली, पुराने उरलीसुरली पेवे ढासळवली. सिद्धू कुपवाडच्या एका कारखान्यात राखणदार झाला आणि तिथूनही निवृत्त झाला. पण झोपेत अजून त्याचे पाय दोरीची गाठ शोधत.

उन्हे वर आली तसा चहा आला. उत्कर्षाने मांडीवर एक कागद पसरला.

"आजोबा, एक पेव राखायचं ठरलंय. धड असलेलं सापडलं तर. तोंडावर जाड काच, आत दिवा, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाकून बघावं. पण ही तेवीसही आतनं ढासळलीत. उद्या सकाळी रोलर फिरणार, त्याच्या आत मिळालं तर मिळालं."

"मीच फिरवनार हाय," सूरज म्हणाला. "उंबरापासनं सुरवात."

सिद्धूचा बशीपर्यंत गेलेला हात थांबला.

"आणि फलकावरचा हा मजकूर बघा. रंगुबाईंना विचारून लिहिलाय." उत्कर्षा वाचू लागली: "'पेवात उतरण्यापूर्वी कंदील सोडून हवेची परीक्षा घेतली जाई. घाईने ही परीक्षा न करता उतरल्यामुळे कृष्णात नावाचा तरुण कामगार प्राणास मुकला.' बरोबर आहे ना?"

"घाई केली म्हनून कुनी सांगितलं?"

"रंगुबाईंनीच. त्यांना तुम्ही सांगितलेलं, असं म्हणाल्या."

"कशावर लिवनार?"

"ग्रॅनाइटवर कोरणार. शंभर वर्षं जाणार नाही."

"शंभर वर्सं," सिद्धू स्वतःशी म्हणाला. चहा तसाच ठेवून तो उठला आणि उंबराच्या सावलीत जाऊन बसला.

धुके विरत होते. पण त्याच्या डोळ्यांपुढे मात्र दुसरेच एक धुके उतरले आणि त्यातून एक्केचाळीस वर्षांपूर्वीची ती सकाळ पाण्यातून कमळ वर यावे तशी संथपणे वर आली. आभाळ भरून आलेले. गाड्या जुंपून उभ्या. दोन पेवे काढून झालेली, दोहोंतही कंदील निर्मळ तेवलेला. तिसऱ्याच्या तोंडाशी कृष्णात, आटपाडीचा, चोवीस वर्षांचा, मुंडाशाचे टोक दातांत धरून उभा. त्याची बायको रंगू बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. लेक झाल्याचा निरोप आदल्याच दिवशी आलेला. म्हणून तो उगाचच हसत होता. बैलाकडे बघून हसत होता, आभाळाकडे बघून हसत होता. ते हसू सिद्धूला एक्केचाळीस वर्षे दिसत आले होते, स्वप्नात आणि स्वप्नाबाहेर.

दुपारी तो रंगुबाईच्या घरी गेला. नदीपासून दोन गल्ल्या आत तिची खोली. दारात सूप मांडीवर घेऊन ती हळकुंडे निवडत होती. आयुष्यभर हेच काम केल्याने तिच्या तळहातांच्या रेषा पिवळ्या झाल्या होत्या. कपाळ तेवढे कोरे होते.

"या दादा. येवड्या उनाचं? च्या टाकते."

"नगं."

तो दारातच भुईवर बसला.

"आवं, खाली का बसताय? राणीनं पगारातनं खुर्ची आनलीया. मोडंल म्हनून भ्या वाटतंय व्हय? परवा शेजारीन बसली तवाबी न्हाई मोडली, आन् ती तर तुमच्या दुप्पट हाय."

एरवी सिद्धू हसला असता. दर भाऊबीजेला याच खोलीत ही बाई त्याला ओवाळत असे. कृष्णात गेल्यावर यार्डात तिला काम मिळवून देणारा, तिच्या लेकीला, राणीला, शाळेत घालायला बोट धरून नेणारा हा तिचा मानलेला भाऊ होता.

"रंगू, कृष्णात उतावळा न्हवता."

"आता काय त्येचं? तुमी आडवलं व्हतं की त्याला. त्यानं ऐकलं न्हाई."

"मी आडवलं न्हाई."

सुपातला हात हळूहळू फिरतच होता.

"कंदलातलं त्याल संपलं व्हतं. त्यानं मला इचारलं. 'दादा, वस्तीवरनं त्याल घेऊन येऊ?' म्हनला. पाऊस येनार, गाड्या खोळंबलेल्या. मी तोंडाशी वाकलो आन् वास घेतला. हळदीचा वास आला, लय गोड. मला वाटलं, येवडा वास येतोय म्हंजी हवा जित्ती हाय. मेल्या हवंला वास नसतोय, रंगू, त्यो हळदीचाच व्हता. मी म्हनलो, कशाला येळ घालवतोस, उतर."

हात थांबला.

"मी मोठा. त्यानं दुसऱ्यांदा इचारलं न्हाई. उतरला. मागनं मी तोंडाला ओलं फडकं बांधून गेलो, पर निम्म्यातच माझी सुद गेली. लोकांनी मला वडून काढलं. त्यो न्हाई घावला, उशिरा घावला."

"आन् पोलीस आला तवा?"

"त्यो म्हनला, उतर म्हनून कुनी सांगितलं? मी म्हनलो, आपनच उतरला."

बाहेरून एक रिक्षा गेली. रंगुबाईने सूप मांडीवरून उतरवून बाजूला ठेवले आणि पदराने हात पुसले, जणू समोर जेवायला कुणी यायचे होते.

"राणी बारकी असताना कट्ट्यावरनं उड्या मारायची," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तवा मी म्हनायची, बापावानी उतावळी मरशील. त्येंच्या फोटुला हार घालतानाबी बोल लावायची, की तान्ह्या पोरीचं तोंड बघूपत्तोर तरी दम धरायचा हुता. येक्केचाळीस वर्सं भांडले मी त्येंच्यासंगं. त्येनी इचारलं व्हतं. आन् मी भांडत बसले."

तिने सिद्धूकडे पाहिले.

"आन् तुमाला ववाळत बसले."

ती उठली. पायांत चपला सरकवून तिने दाराला कडी घातली.

"कुटं हाय त्ये पेव? तुमीच मला म्हनला व्हता, बुजलं. दावा."

उन्हे कलली होती. नदीचे पाणी वितळलेल्या पितळेसारखे संथ वाहत होते आणि त्यावर पाणकोंबड्यांची एक ओळ, कुणी अक्षरे गिरवावीत तशी, उमटत-पुसत होती. माळावर उत्कर्षा नकाशे गुंडाळत होती. सिद्धू कुणाशी न बोलता उंबराच्या अलीकडे गेला. त्याने डोळे मिटले, पाय उचलला आणि टाच आपटली.

नाद आला. तेविसांपैकी एकाचाही असा नव्हता. हा अखंड होता, खोल होता. दूर कुठेतरी कुणी मोठ्या घागरीवर हलकेच हात ठेवावा तसा तो उठला आणि सावकाश विरला. या वेळी सूरजच्याही कानांनी तो टिपला.

"चोविसावं," सिद्धू म्हणाला. "ह्ये धड हाय. ह्याला पुरानं शिवलं न्हाई."

सूरज फक्कीचे घमेले हातात धरून नुसताच उभा राहिला. "आजोबा, उद्या मी ह्याच्यावरनंच रोलर घालनार व्हतो की वो."

"व्हय."

उत्कर्षा काही विचारणार, तोच रंगुबाई तिच्याकडे वळली. "ताई, त्या कागदावरची घाईची वळ खोडा."

"का? चुकलंय का काही?"

"ह्ये सांगतील त्ये लिवा."

उत्कर्षाने लेखणी काढली. सिद्धूने हात जोडल्यासारखे पोटाशी धरले आणि एकेक शब्द तोलून उच्चारला. "लिवा. कृष्णातनं इचारलं व्हतं. सिद्धूनं कंदील न सोडताच त्याला उतर म्हनून सांगितलं. कृष्णात त्याच्या शब्दावर उतरला."

"आजोबा, तुमचं नाव दगडावर..."

"लिवा."

तिने लिहिले. लिहिलेले वाचून दाखवले. तोवर सूरजने चोविसाव्या पेवाभोवती फक्कीचे वर्तुळ आखले. रंगुबाईने प्रत्येक शब्दावर मान हलवली आणि मग ती फक्कीच्या वर्तुळाबाहेर, गवतावर, मांडी घालून बसली. तिने भुईवर हात ठेवला नाही, डोळ्यांना पदरही लावला नाही. फक्त बसून राहिली. सूर्य उसाच्या फडांमागे टेकेपर्यंत ती तशीच होती आणि तोवर कुणीही यंत्र सुरू केले नाही. सिद्धू वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. बसावे की नाही हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

उठताना तिच्या पायाला मुंग्या आल्या. ती किंचित कलंडली. सिद्धू चटकन पुढे झाला आणि त्याने हात दिला.

रंगुबाईने त्या हाताकडे पाहिले. मग गुडघ्यावर स्वतःचा तळवा रोवून ती हळूहळू, आपल्या आपण उभी राहिली.

"राणी सातला कामावरनं येती," ती म्हणाली. "तिला तुमी सांगा. माझ्या तोंडानं येवडी वर्सं तिच्या बापाची निंदा झाली. त्याच तोंडानं न्हाई सांगायचं मला."

"येतो."

नव्या वाटेच्या दोन्ही कडा चुन्याने सरळ आखलेल्या होत्या. आधी सापडलेली बहुतेक पेवे वाळूने भरून, दाबून सपाट केली होती आणि फक्कीच्या पुसट कडांखेरीज कुठे काय होते याची खूण उरली नव्हती. रंगुबाई त्या वाटेने निघाली. पण ती सरळ चालली नाही. पेवाच्या तोंडावर पाय द्यायचा नाही, ही या माळावरच्या जुन्या माणसांची रीत. ती एके ठिकाणी डावीकडून वळली, दहा पावलांवर उजवीकडून, पुन्हा डावीकडून. रिकाम्या, सपाट भुईला वळसे घालीत गेली. सिद्धू चार पावले मागे राहून, जिथे तिचे पाऊल पडले तिथेच आपले पाऊल ठेवीत, तिच्यामागून चालू लागला.