अर्धं खाल्लेलं नाव

नोटरी बंदेत्तीनी तोंड उघडायच्या आधीच योलांदाचं डोकं तापलं होतं. इमारतीची सभा जिन्यापाशी भरली होती, ज्याने त्याने आपापली खुर्ची घरून आणली होती, आणि हा गृहस्थ नियमांचं पिवळं पडलेलं पान नाकाशी धरून मास्तरासारखा उभा. वर्षापूर्वी तो पहिल्या मजल्यावर राहायला आला, बरोबर तिच्या पायाखाली. त्याची दुपारची झोप सहापर्यंत चालायची, आणि पियानो वाजवून ती मोडण्याचं पाप म्हणे योलांदाचं.

"'दुसऱ्या पियानोवर चार ते सहा पियानो वाजवतात,'" त्याने वाचलं. इटालियनमध्ये मजला, वाद्य आणि 'हळू', तिन्हींना शब्द एकच, पियानो. "यातला पहिला पियानो म्हणजे मजला. त्याबद्दल कुणाचं दुमत नसावं."

"अहो, तेवढं कळतं आम्हाला," तिसऱ्या मजल्यावरची झेलिंदा म्हणाली. "इथेच जन्मलोय आम्ही."

"वाद आहे तो दुसऱ्याबद्दल. वाद्य म्हणायचं असतं तर त्याच्याआधी 'इल' हा उपपदाचा शब्द आला असता. तो नाही. म्हणजे हा पियानो 'हळू' या अर्थाचा. चार ते सहा हळू वाजवायचं! तेव्हा सिन्योरा योलांदांनी वाद्यातल्या हातोड्यांपुढे आवाज दाबणारी फेल्टची पट्टी कायमची सोडून ठेवावी, असा माझा ठराव आहे."

फेल्टची पट्टी म्हणजे वाद्याच्या तोंडात कोंबलेला बोळा. योलांदा ताडकन उठली. पस्तीस वर्षांपूर्वी ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा सासऱ्यांनी स्वतः टाइप केलेली ती ओळ. आपल्या सुनेचं वाजवणं त्यांनी नियमात बसवलं, याचा तिला केवढा अभिमान होता! येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिने तो कागद दाखवला होता.

"इल गेला खड्ड्यात!" ती कडाडली. "त्या वाद्याचं नाव तरी ठाऊक आहे का तुम्हाला, नोटरीसाहेब? ते याच फ्लॉरेन्समध्ये बनलं, तीनशे वर्षांपूर्वी. त्याआधीच्या वाद्यावर बोट हळू ठेवा नाहीतर आपटा, आवाज एकच. मग एकाने असं वाद्य केलं, जे बोटाच्या जोरावर हळूही वाजायचं आणि मोठ्यानेही. म्हणून पियानो ए फोर्ते. हळू आणि जोरात! लोकांनी आळसापायी फोर्ते खाऊन टाकलं, आणि उरलेलं अर्धं नाव नाचवून तुम्ही मला गप्प करणार?"

"पियानो, सिन्योरा, पियानो," नोटरी तळहात खालीवर करत म्हणाला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हा शब्द तिने वडिलांकडून जेवणाच्या टेबलावर ऐकला होता, शाळेत नन्सकडून ऐकला होता, नवऱ्याकडून तर रोज. तिला त्या शब्दाची शिसारी आली.

"लिहिणारे आता हयात नाहीत," व्यवस्थापक म्हणाला. "पण दुइलिओ, तू तर मुलगा त्यांचा. काय म्हणायचं होतं त्यांना?"

योलांदाने नवऱ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या एका वाक्याने नोटरीचं तोंड बंद होणार होतं. दुइलिओ टोपी हातात फिरवत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "मोठ्याने बोल."

"'हळू'च म्हणायचं होतं. मीच सांगितलं बाबांना तसं लिहायला. नवीन होतीस तू. फार जोरात वाजवायचीस गं. हसायचीस पण जोरात. शेजारी काय म्हणतील, म्हणून..."

दर नोव्हेंबरला ती सासऱ्यांच्या कबरीवर शेवंती ठेवून यायची, त्या एका ओळीसाठी. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हे माहीत असून हा माणूस पस्तीस वर्षं तिच्या शेजारी जेवला, झोपला, आणि तिने तो कागद मिरवला तेव्हा कौतुकाने हसलाही.

मतं झाली. नोटरी आणि तळमजला ठरावाच्या बाजूने, झेलिंदा आणि चौथा मजला विरोधात. उरलं दुसऱ्या मजल्याचं मत. सवयीने दुइलिओचा हात वर जायला लागला. योलांदाने तो मनगटाला धरून खाली दाबला.

"घराच्या कागदावर माझंही नाव आहे. आमचं मत विरोधात. आणि ती ओळ नवीन लिहा, पियानोफोर्ते, अख्खं."

व्यवस्थापक लिहू लागला. दुइलिओने बसल्या जागी हळूच तिची बाही ओढली. "वर चल ना. जेवताना बोलू शांतपणे."

"शांतपणे नाही," योलांदा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पस्तीस वर्षं त्या घरात मला हळू ठेवलंस तू. आता वर येईन ती जोरात येईन. तुला सोसणार नसेल, तर कुठे जायचं ते आत्ताच बघ."

खुर्ची उचलून ती जिना चढू लागली. दुइलिओ खुर्चीवरून उठलाच नाही.