सशाचा खुराक

निमोण्याच्या सगुणाबाईच्या दारात माणसांचा आवाज व्हायचा तो महिन्यातून एकदा, आणि तोही सशामुळे. मुलगा बिरदेव पिंपरीला कंपनीत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत घाण होते म्हणून सुनेने, सुषमाने, नातीचा ससा गावी आणून ठेवला. तेव्हापासून अंकिता सशासाठी हट्ट धरायची आणि तिच्यामागोमाग सगळे यायचे. त्याआधी येणं म्हणजे जत्रेपुरतं. म्हातारी काही खुळी नव्हती. कोणाच्या पायगुणाने घर भरतं ते ती ओळखून होती.

म्हणून तिने त्या सशाचे असे लाड मांडले की विचारू नका! माहेरी मेंढरं होती, जत्रेच्या एडक्याला खुराक चारून गुटगुटीत कसं करायचं ते तिला पाठ होतं. तेच तिने इथे लावलं. भिजवलेली मटकी, गूळ-भाकरी, चहात बुडवलेलं बिस्किट. शिवाय एकटीला घास गिळवत नसे. ताट वाढलं की ससा मांडीशी, आणि पहिला घास त्याला. दिवसभर तिचं बोलणं ऐकायला घरात तेवढेच कान होते, आणि तेही चांगले लांब.

एका सकाळी ससा कोपऱ्यात पाठ वर काढून बसला. गुळाला तोंड लावेना. खाली एकही लेंडी नाही. त्याला पदरात गुंडाळून, मिळेल त्या जीपने सगुणाबाईने शिरूर गाठलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "खायला काय घालता?"

तिने कौतुकाने सगळं सांगितलं.

"आजी, हा काय पाहुणा आहे का? याची आतडी गवतावर चालतात. दिवसभर वाळलं गवत चघळलं तर पोट हलतं, दातही झिजतात. भाकरी-गुळाने आत सगळं थांबतं. गवत, पाणी, जराशी कोथिंबीर. बाकी बंद."

पुन्हा लेंड्या पडायला लागल्या तेव्हा ती एकटीच हसली, आणि सांगायला कोणी नाही म्हणून रडलीही. बांधावरचं मारवेल गवत ती कापून आणी, वाळवी. ससा तरतरीत झाला. फक्त तिचं जेवण पुन्हा एकटीचं झालं. ससा कोपऱ्यात गवत चघळी आणि ही भाकरी मोडून नुसती बसे.

पुढच्या खेपेला बिरदेव म्हणाला, "आई, आता तळमजल्याला घर मिळालंय. मागं अंगणबी हाय. ससा घिऊन जातो."

सुषमा कचरली. "आत्याबाई, त्याचं खाणं लई नाजूक आसंल, न्हाई का? आमाला झेपंल?"

"न्हाई झेपायचं," एवढंच सगुणाबाईने म्हणायचा अवकाश होता. शब्द ओठांवर आलाही. ससा राहिला असता, आणि त्याच्यासाठी ही सगळी येत राहिली असती. तेवढ्यात अंकिताने खिशातून क्रीमचं बिस्किट काढून सशापुढे धरलं. सगुणाबाईने झटकन तिचा हात पकडला.

"न्हाई गं बाय! मरंल त्यो!"

मग तिने काही हातचं न राखता सगळं सांगितलं. गवत कायम पुढ्यात पायजे, पानी ताजं, ताटातलं काही न्हाई. "रोज लेंड्या बघायच्या. कमी पडल्या की तवाच डाक्टर गाठायचा. सोपं हाय," ती म्हणाली.

निघताना तिने मारवेलाचं पोतं गाडीपाशी आणलं. "शेरात कुठलं मिळतंय आसलं गवत? सपलं की न्यायला या."

"त्याची काळजी नगं, आई," बिरदेव मायेने म्हणाला. "आमच्या गल्लीच्या तोंडालाच वैरणीचं दुकान हाय. तू कशाला बांध तुडवीत बसती?"

"मग बरं झालं," सगुणाबाई म्हणाली, आणि चेहरा कोणाला दिसू नये म्हणून पोत्याचं बांधलेलं तोंड सोडून पुन्हा बांधत बसली.